बोक्याचा कासरा

धाराशिव जिल्ह्यात बांधण्यासारखं जे काही होतं ते माणसाने कधीच बांधून टाकलं आहे. बैलाच्या नाकात वेसण आणि वेसणीला कासरा, गाईला दावं, घोड्याला लगाम, उंडग्या गुराच्या गळ्यात लोढणं. पोळा जवळ आला की आठवडी बाजारात रंगीत म्होरक्या, गोंडे आणि कासऱ्यांचे ढीग लागतात आणि माणसं दोरीचा पीळ बोटांनी चाचपत घासाघीस करतात. शेळीचं तर विचारूच नका. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, पण करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत ती अजून उस्मानाबादी शेळीच आहे, आणि नाव कोणतंही असलं तरी खुंटा तोच आहे. या सगळ्या दावणीतून एकच प्राणी सुटला. तो चुलीच्या उबेला अंगाचं मुटकुळं करून पडलेला असतो, त्याच्या गळ्यात काही नसतं, आणि हाक मारली तर तो फक्त एक कान फिरवतो. आता मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतली मांजरं दिसू लागली आहेत. अंगात हार्नेस, पाठीवर कडी, कडीला दोरी आणि दोरीमागे हाफपँटीतला माणूस. पारावर बसून ते बघणारा खो खो हसतो आणि म्हणतो, आता बोक्यालाबी कासरा! हसण्यासारखं त्यात आहेच, फक्त ते मांजरात शोधू नये. नवल दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. हे मांजर माझं आहे, असं चारचौघांत कबूल करणारा माणूस आपल्या रस्त्यावर आजवर कधी दिसला नव्हता. पट्ट्याने मांजर आवरतं की नाही हा पुढचा प्रश्न. पट्ट्याने मालक सापडतो हे नक्की. एवढ्या एका कारणासाठी मांजराच्या पट्ट्याची बाजू घ्यावी असं माझं मत आहे.

मांजर कोणाचंच नसतं, हे नुसतं म्हणून भागत नाही, पुरावा पाहू. देशात ठरावीक वर्षांनी पशुगणना होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं, खेचरं आणि उंट मोजले. ज्यांचं तोंड आपण फक्त टीव्हीवर पाहिलं ते याक आणि मिथुन मोजले. हत्ती मोजले, ससे मोजले, कुत्रेही मोजले. मांजर मोजलं नाही. प्रगणक दारात उभा राहून घरात जनावरं किती असं विचारत असताना ते त्याच्याच पायाला अंग घासून गेलं असणार, तरी कागदावर आलं नाही. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला आला, म्हणजे तिला ओळख मिळाली. मांजराचा कान अजून मोकळा आहे. कायद्यातही तीच तऱ्हा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा घ्या. त्याच्या अकराव्या कलमात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोरीने फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे; आणि कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे बांधण्याच्या जाचातून सुटका सगळ्यांना, पण फिरायला जाण्याचा हक्क नावानिशी मिळाला तो एकट्या कुत्र्याला. मांजराला कोणी फिरवून आणावं, अशी कल्पना १९६० सालच्या संसदेच्या मनाला शिवली नाही, आणि त्यात संसदेचा काही दोष नाही. मांजराला मालक असतो हेच जिथे गृहीत नाही, तिथे मालकाने काय करावं हे कोण लिहिणार? पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी करा असं सांगितलं तेव्हा शहरभर विनोद झाले. ते विनोद महापालिकेवर होते, तरी त्यांतून मांजरवाल्यांचंच कसनुसं झालेलं तोंड दिसत होतं. नोंदणी म्हटली की अर्जावर सही करावी लागते, आणि सही करणारा तो मालक.

आपल्याकडे मांजराला बांधलं नाही याचं एक सरळ कारण आहे. बांधलेलं मांजर उंदीर धरत नाही. बैल बांधून ठेवला तरी सकाळी सोडून जुंपता येतो, शेळी खुंट्याला असली तरी दूध देते, कुत्रं साखळीवर बसूनही भुंकतं; मांजराचं काम मात्र मोकळेपणाशिवाय होतच नाही. ज्वारी, हरभरा, तूर पिकवणाऱ्या आणि पेवात, कणगीत, पत्र्याच्या कोठीत वर्षाचं धान्य ठेवणाऱ्या मुलखात हे काम काही लहान नव्हतं. जगभर हेच झालं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं, माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. म्हणजे शेती सुरू होऊन धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं, आणि आल्यावर त्याने परत जायचं नाव काढलं नाही. त्याला कोणी रानातून धरून आणलं नाही, त्याच्या नाकात कोणी काही ओवलं नाही. पगारही कधी ठरला नाही. तो ज्याने त्याने आपापल्या हिशेबाने वसूल केला. भूम-वाशीच्या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्यांवर दूध आटत असतं, कढईच्या कडेला खरवड सुटते, आणि तिच्याकडे नजर लावून बसलेल्या मांजराला आपला वाटा किती हे नीट माहीत असतं. शिंक्याचं तुटलं, बोक्याचं साधलं, ही म्हणही शेवटी पगाराच्या तारखेबद्दलच आहे. मराठी घरात मांजर अडकवण्याची एकच रीत ऐकिवात आहे, तीही गोष्टीतली. श्राद्धाच्या दिवशी मांजर दुधात तोंड घालतं म्हणून घरधन्याने त्याला टोपलीखाली झाकलं. मुलाने ते पाहिलं. पुढे बापाचं श्राद्ध घालताना त्याने गावभर हिंडून एक मांजर मिळवलं, टोपलीखाली कोंडलं आणि मग विधी सुरू केला. ही गोष्ट आंधळ्या रूढींवर टीका म्हणून सांगतात आणि तेवढ्यावर सोडून देतात. मला तिच्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. त्या मुलाला मांजर बाहेरून आणावं लागलं. बापाच्या वेळी घरात होतं, ते त्याच्या वेळी घरात नव्हतं, आणि ते कुठे गेलं याची चौकशी गोष्टीतलं कोणीही करत नाही.

कारण मांजराला घर नसतं, घरं असतात. पिल्लांना सात घरं फिरवायची रीत आईने लावून दिलेली असते आणि मोठं झाल्यावर ते स्वतःपुरती ती चालू ठेवतं. सकाळचं दूध एका ओसरीवर, दुपारची झोप दुसऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर, रात्रीचा मुक्काम तिसऱ्याच्या माळवदावर. याच जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाच्या मुक्कामाची वाटणी आहे. देव कुठे किती महिने राहील हे ठरलेलं आहे आणि दोन्ही गावचे मानकरी ते करारमदार करून पाळतात. देवाच्या बाबतीत आपण इतके काटेकोर, आणि मांजराच्या बाबतीत तोंडी करारसुद्धा नाही. त्यामुळे सोय फार झाली. उंदीर धरला की मांजर आमचं. शेजारच्या पातेल्यातलं दूध सांडलं की गल्लीचं. कोणाच्या तरी धान्याच्या पोत्यावर घाण केली की ते कुठून आलं कोणालाच ठाऊक नसतं, आणि जिन्याखाली चार पिल्लं घातली की गल्लीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणून आपण त्याची टिंगल करतो, पण ते दूध पीत असताना डोळे मिटून घेणारी माणसं त्याहून जास्त असतात. बोका पट्ट्यावर दिसला की ही सोय संपते. दोरी सरळ एका मनगटापर्यंत जाते आणि मनगटाला नाव असतं.

आता हे पट्टा लावण्याचं काम कसं होतं ते सांगतो, कारण चेष्टा करणाऱ्यालाही कामाची माहिती असावी. पहिली गोष्ट, गळपट्टा चालत नाही. कुत्र्याचा पट्टा मांजराच्या गळ्यात घालून ओढला तर एक तर त्याचा गळा आवळेल किंवा डोकं सुटून मांजर पसार होईल. माणसाच्या शर्टाच्या गळ्यातून जे आडवं हाड दिसतं ते माणसात दोन्ही बाजूंनी पक्कं जोडलेलं असतं. मांजरात ते एवढंसं असतं आणि नुसतं स्नायूंत तरंगत असतं. त्यामुळे खांदे आत घेता येतात आणि जिथून डोकं गेलं तिथून सगळं मांजर जातं. म्हणून छाती आणि पोट दोन्हींना वेढणारा हार्नेस लागतो, आणि दोरी मानेवर न अडकवता पाठीवरच्या कडीत अडकवायची असते. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जावीत; तिसरं गेलं तर मांजरही जाईल. त्याची पळण्याची युक्तीही ठरलेली आहे. गुरं पुढे हिसडा मारतात, मांजर मागे सरकतं. पुढचे पाय ताणतं, डोकं खाली घालतं, पाठ कमानीसारखी वर काढतं आणि उलट्या पावली हार्नेसमधून असं निघतं की जणू सदरा काढून ठेवावा. ज्याने आयुष्यभर बैलाचा कासरा हातात धरला त्याचा हात इथे चुकतो, कारण जनावर मागे गेलं की दोरी ताणायची हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. मांजराच्या बाबतीत दोरी ताणली की आपणच त्याला अंगरखा उतरवायला मदत करतो. दोरी सैल सोडून त्याच्या मागे जायचं, आणि मान खाली घालून जायचं.

शिकवणीला आठवडे लागतात. आधी हार्नेस चार-सहा दिवस जेवणाच्या ताटलीशेजारी नुसता ठेवून द्यायचा, म्हणजे त्या वस्तूला घराचा वास लागतो. मग तो पाठीवर क्षणभर टेकवायचा आणि लगेच सुकटीचा तुकडा पुढे करायचा. मग एक बक्कल, मग दुसरं, मग दोरी न लावता घरातल्या घरात. यातला सगळ्यात प्रेक्षणीय भाग म्हणजे पहिल्यांदा दोन्ही बक्कलं लागतात तो. हुशार, चपळ, कपाटावरून जमिनीवर बिनआवाज उतरणारं मांजर कापलेल्या झाडासारखं आडवं होतं. पाय ताठ, नजर भिंतीवर, शेपटी निर्जीव. त्याला उचलून उभं केलं तर ते दुसऱ्या कुशीवर पडतं. बघणाऱ्याला वाटतं पाठीचा कणा मोडला. मोडलेलं काही नसतं. अंगावर सगळीकडून दाब आला की बरीच मांजरं अशी गोठतात आणि घाबरलेलं मांजर पडून राहणंच पसंत करतं. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरचा ठिय्या ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही पद्धत नवी नाही: मागणी सांगायची नाही, उठायचं नाही, आणि उचलायला आलं की अंग जड करायचं. यावर उपाय एकच, घाई न करणं. समोर सुकट धरून दोन पावलं सरकलं तर तेवढ्यावर त्या दिवशीची सभा संपवायची. ओढू नये, रागावू नये, आणि दया येऊन तिथल्या तिथे पट्टा काढला, तर पडून राहिलं की पट्टा सुटतो हा धडा ते पक्का गिरवतं. पट्टा काढायचा तो ते शांतपणे उभं असताना. अपवाद एकच: फारच घाबरून ताठ पडून राहिलं असेल तर सोडवायचंच, मग दुसऱ्या दिवशी एक पायरी मागून सुरुवात करायची. हे सगळं जमलं की घराबाहेर, आणि घराबाहेर म्हणजे अंगणातल्या कोपऱ्यात. दाराबाहेर त्याला उचलून किंवा बास्केटमधून न्यावं. उंबरा स्वतःच्या पायाने ओलांडायची सवय लागली तर पट्टा नसतानाही दार उघडल्याबरोबर ते बाणासारखं सुटेल.

यावर पहिला गंभीर आक्षेप खुद्द प्राणिप्रेमींचा आहे. ब्रिटनमधली आरएसपीसीए ही जुनी संस्था सांगते की मांजराला आपल्या हालचालींचा ताबा आपल्याकडे असणं फार मोलाचं वाटतं, आणि पट्ट्यावर तोच ताबा जातो. शिवाय अनोळखी जागेत नेलं की ते बावरतं. आक्षेप खरा आहे. मांजर हद्दीचा प्राणी आहे. त्याला नवा परिसर दाखवला की त्याला सहलीचा आनंद होत नाही; इथून पळायचं कसं आणि लपायचं कुठे, हे दोनच प्रश्न त्याला पडतात. पण यातून निघतं ते एवढंच की मांजराला कुत्र्यासारखं फिरवू नये. तुळजापूर रस्त्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेऊन आणण्याची कल्पना आपली, त्याची नाही. तेच अंगण, तोच तुळशीकट्टा, तीच भिंत रोज दाखवली तर ती त्याच्या हद्दीत जमा होते आणि मग ते बावरत नाही. पट्ट्यावरच्या मांजराची फेरी वीस पावलांची असते. त्यातली पाच पावलं होतात, मग ते एका दगडाचा वास दहा मिनिटं घेतं, मग बसतं, मग शून्यात बघतं. सोबतचा माणूस उभा राहतो. वेळही त्याचीच पाळावी लागते. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असतं, आणि धाराशिवच्या उन्हाळ्यात त्याव्यतिरिक्त बाहेर पडणं तसंही शहाणपणाचं नाही; पारा चाळिशी ओलांडतो, फरशी तापते आणि मांजराच्या तळव्याखाली चप्पल नसते. एवढं करूनही एखादं मांजर रोज पडून राहत असेल, कान चपटे करून गुरगुरत असेल, तर पट्टा खुंटीला टांगावा आणि खिडकीला जाळी बसवून त्याला तिथे बसू द्यावं. प्रत्येक मांजराने बाहेर आलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. मांजराला निसर्गाने मोकळं केलं आहे, तुम्ही कोण बांधणारे? निसर्गाचं नाव निघालंच आहे तर निसर्गातल्या दुसऱ्या पक्षाचंही ऐकून घेऊ. जर्मनीत वाल्डोर्फ नावाचं गाव आहे. तिथे तुरेवाल्या चंडोलाच्या अगदी मोजक्या जोड्या उरल्या होत्या. हा पक्षी जमिनीवर घरटं करतो, म्हणजे मांजराच्या दृष्टीने ताट वाढूनच ठेवतो. २०२२ साली तिथल्या प्रशासनाने हुकूम काढला की गावाच्या दक्षिण भागातली मांजरं विणीच्या हंगामात, ऑगस्ट अखेरपर्यंत, घरातच ठेवायची. बाहेर काढायचंच असेल तर दोरीवर, आणि दोरी दोन मीटरपेक्षा लांब नको. मांजर मोकळं दिसलं तर पाचशे युरो दंड, आणि त्याने चंडोल मारला किंवा जखमी केला तर पन्नास हजार युरोपर्यंत. आपल्याकडे जनावराला आखूड दोरीने डांबलं तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. तिथे न बांधलेल्या मांजराने चंडोल मारल्याबद्दल इतका होता, की त्यात धाराशिवात ब्लॉक घेता यावा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अंदाज मांडला की तिथली मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, आणि त्यातले बहुतेक मालक नसलेल्या मांजरांच्या खात्यावर आहेत. हे शेवटचं वाक्य माझ्या कामाचं आहे. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण वाल्डोर्फच्या चंडोलाचा चुलतभाऊ दख्खनच्या माळावर राहतो. कर्नल सायक्सने १८३२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, म्हणून इंग्रजीत तो सायक्सच्या नावावर आहे. आपल्यासाठी तो ढेकळांतला एक भुरा पक्षी. तोही जमिनीवरच अंडी घालतो. येडशीच्या रामलिंग घाटाला अभयारण्याचा दर्जा आहे, पण अभयारण्याचा फलक मांजराला वाचता येत नाही आणि आपलं मांजर तिकडे गेलं होतं हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

तिसरा आक्षेप लोकांचा, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जड. मांजर आडवं गेलं तर थांबायचं, एक तर कोणाला तरी पुढे जाऊ द्यायचं किंवा चार पावलं मागे यायचं, हे शिकलेली माणसंही गुपचूप पाळतात. मोकळं मांजर निदान क्षणात रस्ता ओलांडून दिसेनासं होतं आणि पुढची मोटारसायकल अपशकुन आपल्या डोक्यावर घेऊन निघून जाते. पट्ट्यावरचं मांजर रस्त्याच्या मध्यावर बसतं. ते आडवं गेलं म्हणायचं की जातंय म्हणायचं? परत फिरलं तर पहिला अपशकुन रद्द होतो की दुसरा लागू होतो? दोरीचं एक टोक डाव्या बाजूला, दुसरं उजव्या बाजूला, आणि मध्ये परीक्षेला निघालेला पोरगा, सोयरिकीला निघालेलं कुटुंब आणि टमटमवाला, सगळे खोळंबलेले. धर्मशास्त्रात याचा निर्णय सापडणार नाही, कारण शास्त्र लिहिलं गेलं तेव्हा अपशकुन एकटाच फिरायचा, त्याच्यासोबत जबाबदार इसम नसायचा. आता असतो. आता थांबलेला माणूस त्याला विचारू शकतो, अहो, उचला की ते. हजार वर्षं ज्याला दोष द्यायचा तो भिंतीवरून उडी मारून जात होता. आता तो चप्पल घालून समोर उभा आहे आणि ओशाळून हसतो आहे. अपशकुनाचं भय घालवायला याहून चांगला उपाय मला दिसत नाही. ज्याच्या मालकाशी आपलं भांडण होऊ शकतं त्या प्राण्याची भीती वाटत नाही.

राहिला तो आक्षेप, जो ऐकताना हसू येत नाही. या जिल्ह्याला पाण्याची ददात, २०१९ च्या उन्हाळ्यात गुरं चारा छावणीत बांधावी लागली होती, आणि तुम्ही मांजराच्या पट्ट्यावर पानं खर्ची घालता? प्रश्न रास्त आहे, म्हणूनच सांगतो, गावातल्या कामकरी मांजराला पट्टा लावू नये. त्याच्याकडे काम आहे, हद्द आहे, सात घरं आहेत. त्याला नसबंदी आणि रेबीजची लस मिळाली तर त्याचं आणि गल्लीचंही भलं होईल. पट्टा आहे तो नव्या मांजरासाठी. धाराशिव शहरातही आता इमारती उठल्या आहेत, घरात गुळगुळीत फरशा आल्या, धान्य महिन्याच्या पिशवीत येऊ लागलं आणि उंदरांचा विषय संपला. त्या घरात हजारो रुपये मोजून आणलेलं लांब केसांचं पर्शियन मांजर सोफ्यावर बसलेलं असतं. त्याला काम नाही. दिवसाचे बारा-चौदा तास झोपून उरलेल्या वेळात ते पडदे फाडतं आणि मालक म्हणतो, खोडकर आहे. खोडकर नाही, बेकार आहे. त्याला अंगणातली वीस पावलं दिली तर पडदे वाचतील. हार्नेस पडद्यापेक्षा स्वस्त मिळतो. त्याचं नाक चपटं असतं, त्याला धाप लवकर लागते, म्हणून फेरी पहाटेचीच आणि सोबत पाणी.

शेवटी अडचण राहते ती एकच, आणि ती मांजराची नाही. वरची सगळी शिकवणी पार पाडून, लस टोचून, दोन बोटं मोजून कोणी आपला बोका दाराबाहेर आणला, तर पहिल्याच कोपऱ्यावर गल्लीतली चार कुत्री उभी असतात. मोकळं मांजर अशा वेळी झाडावर किंवा भिंतीवर जातं; पट्ट्यावरचं मांजर फक्त मालकाच्या अंगावर चढू शकतं, नखांसकट. यांतली दोन कुत्री भटकी असतील, पण उरलेल्या दोघांना रोज सकाळी कोणाच्या तरी दारात भाकर मिळते आणि चावा घेतला की ती कोणाचीच नसतात. त्यांच्या बाबतीत १९६० च्या कायद्याने मालकाची जबाबदारी नावानिशी सांगून ठेवली आहे. तेव्हा जिल्ह्यात कोणी मांजराला पट्टा लावून रस्त्यावर आणलंच, तर पारावरून हसण्याआधी एवढं करा: ज्या कुत्र्याला रोज भाकर घालता, ते आपलं म्हणा आणि बांधा.